जुळलेला मेळ आणि खरें उत्तर

दुकानदाराचा रोजमेळ रात्रीं जुळला म्हणजे तो दिवा मालवून निश्चिंतपणें घरीं जातो. पेटींतील रोकड आणि वहींतील शिल्लक यांत दोन रुपयांचा जरी फरक पडला, तरी तो सांपडेपर्यंत त्याला चैन पडत नाहीं. वाहत्या पाण्याचें किंवा वाऱ्याचें गणित संगणकावर करणाऱ्या इंजिनियराची स्थिति पुष्कळशी या दुकानदारासारखीच असते. त्याच्यापुढें पडद्यावर एक रेषा हळूहळू खालीं उतरत असते. ती पुरेशी खालीं आली म्हणजे मेळ जुळला असें समजून तो काम आटोपतें घेतो. त्या रेषेचा अर्थ काय, ती खालीं येणें म्हणजे नेमकें काय होणें, आणि ती खालीं आल्यावरहि उत्तर साफ चुकीचें कसें असूं शकतें, हा या भाषणाचा विषय आहे. विषय वरवर रुक्ष वाटेल. परंतु धरणाचे सांडवे, विमानाचे पंख, उंच इमारतींवरील वाऱ्याचा जोर, इतकेंच काय पण रुग्णाच्या रक्तवाहिन्या, यांविषयींचे निर्णय आज अशा रेषेकडे पाहून घेतले जातात. तेव्हां तिच्याविषयीं सामान्य सुशिक्षितासहि थोडी माहिती असणें अस्थानीं होणार नाहीं.

वाहत्या पदार्थांचे नियम नवीन नाहींत. फ्रेंच इंजिनियर नाव्हिए यांनीं १८२२ मध्यें आणि केंब्रिजचे स्टोक्स यांनीं १८४५ मध्यें जीं समीकरणें मांडलीं, त्यांवरच आजचें बहुतेक सारें प्रवाहगणित उभें आहे. पण समीकरण माहीत असणें निराळें आणि तें सुटणें निराळें. सरळ नळींतून संथ वाहणारें पाणी, यासारखे मोजके प्रकार सोडले तर हीं समीकरणें बीजगणिताला दाद देत नाहींत. म्हणून ज्या जागेंत प्रवाह आहे त्या जागेवर कल्पनेनें एक जाळें टाकून तिचीं लहान लहान घरें पाडतात. हीं घरें कधीं कांहीं हजार असतात, कधीं कांहीं कोटि. प्रत्येक घराचें एक खातें. घरांत पाणी किती आलें, बाहेर किती गेलें, शेजाऱ्यांकडून दाबाचा व घर्षणाचा जोर किती मिळाला, याचा जमाखर्च त्यांत मांडावयाचा. प्रवाह स्थिर असेल तर प्रत्येक घराची जमा आणि खर्च हीं तंतोतंत सारखीं असावयास हवींत. आरंभीं वेगाचे आणि दाबाचे आकडे अंदाजानें भरलेले असल्यामुळें तीं तशीं नसतात. जी तफावत उरते तिला इंग्रजींत 'रेसिड्युअल' म्हणतात. मराठींत तिला सरळ 'बाकी' म्हणण्यास हरकत नाहीं.

एका घराचे आकडे सुधारावे तों शेजारच्या घराचा मेळ बिघडतो. म्हणून सर्व घरांतून पुन्हां पुन्हां फेऱ्या माराव्या लागतात. फेरीगणिक बाक्या लहान होत जाऊन आकडे स्थिरावूं लागले म्हणजे गणिताचें 'अभिसरण' होत आहे, असें म्हणतात. पडद्यावर उतरणारी रेषा ही सर्व घरांच्या बाक्यांची एकत्रित मोजदाद असून तिच्या पट्टीवरील प्रत्येक पायरी दहापटीची असते. रेषा तीन पायऱ्या उतरली म्हणजे बाकी हजारपट घटली.

हें नीट समजण्यास संगणकाची गरज नाहीं. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी. एक आडवी नळी सारख्या वाळूनें भरलेली आहे. तिच्या उजव्या टोकास पाण्याची पातळी १०० सेंटिमीटरवर राखली आहे, डाव्या टोकास शून्यावर. नळीचे चार सारखे भाग करून मधल्या तीन सांध्यांवर तीन उभ्या काचनळ्या बसविल्या, तर प्रत्येकींत पाणी किती उंच चढेल? वाळूंतून पाणी पातळींतील फरकाच्या प्रमाणांत झिरपतें, हा दार्सी या फ्रेंच इंजिनियरांनीं १८५६ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम आहे. त्यावरून असें निघतें कीं, प्रत्येक काचनळींतील पातळी ही तिच्या दोन शेजारणींच्या पातळ्यांची सरासरी असली पाहिजे. एरवीं त्या सांध्यांत येणारें पाणी आणि तेथून जाणारें पाणी सारखें राहणार नाहीं. उत्तर उघडच आहे: २५, ५० आणि ७५. परंतु तें माहीत नाहीं असें धरून तिन्ही नळ्यांत शून्य मांडावें, आणि डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक ठिकाणीं शेजारच्या दोन ताज्या आकड्यांची सरासरी लिहीत जावें.

पहिल्या फेरीनंतर आकडे येतात ०, ०, ५०. दुसरीनंतर ०, २५, ६२.५. तिसरीनंतर १२.५, ३७.५, ६८.७५. चौथीनंतर १८.७५, ४३.७५, ७१.८७५. मधल्या नळीकडेच पाहिलें तर खऱ्या उत्तरापासूनचें अंतर २५, मग १२.५, मग ६.२५, असें दर फेरीस निम्मे होत आहे. आतां तिचीच बाकी पाहावी. तिसऱ्या फेरीनंतर उजवीकडून येणाऱ्या पाण्याचें माप ६८.७५ वजा ३७.५, म्हणजे ३१.२५, डावीकडे जाणाऱ्याचें ३७.५ वजा १२.५, म्हणजे २५. बाकी ६.२५. त्या वेळची खरी चूक १२.५ होती. चौथ्या फेरीनंतर बाकी ३.१२५ आणि चूक ६.२५. म्हणजे येथें चूक ही बाकीच्या बरोबर दुप्पट आहे. खरें उत्तर कोणास ठाऊक नसतें, पण बाकी मात्र कोणासहि काढतां येते. आणि बाकीवरून चुकीचा अंदाज असा सरळ येत असेल तर याहून सोईचें दुसरें काय हवें! बाकीवर लोकांचा इतका विश्वास बसला तो अशाच लहान उदाहरणांनीं.

संगणक येण्यापूर्वीं हें काम माणसें करीत, आणि तें किती जिकिरीचें होतें याची कल्पना आज येणें कठीण आहे. इंग्लंडचे लुईस फ्राय रिचर्डसन हे १९०६-०७ च्या सुमारास पीट नांवाची दलदलींतील जळाऊ माती काढणाऱ्या एका कंपनींत रसायनज्ञ होते. त्या मातींतील पाण्याचा निचरा होण्यास चर कोठें खणावे, या प्रश्नानें त्यांना अशा गणिताकडे वळविलें. वरील वाळूच्या नळीचा तो थोरला भाऊच म्हणावयाचा. पुढें १९१० मध्यें त्यांनीं दगडी धरणांतील ताणांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांत ईजिप्तमधील आस्वानच्या धरणाचें उदाहरण घेतलें. आकडेमोड पुष्कळशी मुलांकडून करवून घेतली होती. संख्येंत जितके अंक, तितके एक-अठरांश पेनी, असा एका बिंदूच्या कामाचा दर होता. तीन अंकी संख्या असेल तर पेनीचा सहावा हिस्सा. सर्वांत चलाख मुलांपैकीं एक आठवड्याला सरासरी दोन हजार वेळां ही क्रिया करी, आणि चुकलेल्या क्रियांचे पैसे मिळत नसत.

पुढें १९३५ पासून ऑक्सफर्डचे रिचर्ड साऊथवेल यांनीं या पद्धतीला निराळें वळण दिलें. इमारतीच्या लोखंडी सांगाड्याचा प्रत्येक सांधा जणूं एका टेकूवर तोलून धरला आहे, अशी त्यांनीं कल्पना केली. त्या टेकूवर पडणारा भार ती बाकी. सर्वांत अधिक भार ज्या टेकूवर असेल तो आधीं सैल सोडावा. त्याचा भार शेजाऱ्यांवर जाईल. मग पुन्हां सर्वांत मोठी बाकी शोधावी. असें करीत सारे टेकू निरुपयोगी झाले म्हणजे सांगाडा स्वतःच्या बळावर उभा राहिला. या पद्धतीस त्यांनीं 'रिलॅक्सेशन', म्हणजे सैल सोडणें, असें नांव दिलें. बाकी म्हणजे केवळ आंकडा नव्हे, तो कोणीतरी वाहत असलेला भार आहे, ही गोष्ट या चित्रांत जितकी स्वच्छ दिसते तितकी आजच्या पडद्यावरील रेषेंत दिसत नाहीं. चिकाटीचें शेवटचें मोठें उदाहरण जपानांतील कावागुटी यांचें. गोल दांड्याभोंवतीं वाहणाऱ्या प्रवाहाचें एकच गणित त्यांनीं हातयंत्रावर आठवड्याला वीस तास याप्रमाणें दीड वर्ष खपून पुरें केलें आणि १९५३ मध्यें प्रसिद्ध केलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. वाळूची तीच नळी घ्यावी, पण चार भागांऐवजीं तिचे शंभर भाग करावे. म्हणजे मध्यें नव्याण्णव काचनळ्या झाल्या. नियम तोच, आरंभींचे शून्य तेंच, फेऱ्या त्याच रीतीनें. सुमारें १९०० फेऱ्या झाल्यावर काय दिसतें? मधल्या नळींत ५० असावयास हवे तेथें ४० च्या आसपास आकडा असतो. दहा सेंटिमीटरांची चूक, म्हणजे खऱ्या उत्तराच्या वीस टक्के. आणि त्याच वेळीं त्या नळीची बाकी किती असते? सेंटिमीटराचा सुमारें शंभरावा हिस्सा. आरंभीं सर्वांत मोठी बाकी उजव्या टोकाजवळ १०० होती. ती आतां शंभरांश झाली, म्हणजे दहा हजारपट घटली. पडद्यावरील रेषा चार पायऱ्या उतरली. बाकी हजारपट घटली म्हणजे पुरे, हा जो व्यवहारांतील ठोकताळा अनेक ठिकाणीं ऐकूं येतो, त्याच्या पलीकडेहि गणित गेलें. असें असून उत्तर वीस टक्क्यांनीं चुकलेलेंच आहे. चार भागांच्या नळींत चूक बाकीच्या दुप्पट होती; शंभर भागांच्या नळींत ती हजारपट झाली.

याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. बाकी ही फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील तक्रार आहे. एखाद्या लांब आळींतील घड्याळें घरागणिक थोडथोडीं मागें पडत गेलीं, मधल्या घराचें दहा मिनिटांनीं मागें पडलें, आणि प्रत्येकानें आपलें घड्याळ केवळ शेजारच्या दोन घरांशीं ताडून पाहिलें, तर कोणासच आपली चूक कळणार नाहीं. शेजाऱ्यांशीं फरक कांहीं सेकंदांचाच दिसेल. तीच गोष्ट येथें. खडबडीत चूक, म्हणजे एका घरांत जास्त आणि लगतच्या घरांत कमी अशी, बाकींत ताबडतोब उमटते आणि दोन-चार फेऱ्यांत नाहींशी होते. सबंध प्रदेशावर पसरलेली, सावकाश चढत-उतरत जाणारी चूक मात्र बाकीच्या नजरेंत येत नाहीं, आणि तीच सर्वांत चिवट असते. शंभर भागांच्या नळींत अशा चुकीचा दर फेरीस जेमतेम हजारावा हिस्सा कमी होतो. दहा सेंटिमीटरांची चूक एकावर आणण्यास आणखी सुमारें २३०० फेऱ्या हव्यात. जाळें जितकें बारीक, तितका हा रोग बळावतो. बारीक जाळें म्हणजे अधिक अचूक काम, या समजुतीनें निष्काळजी राहणाऱ्यास हा टोला बसतो.

दोन फेऱ्यांमधील बदल पाहून थांबण्याची चाल याहूनहि धोक्याची आहे. आकडा आतां हलत नाहीं, तेव्हां तो स्थिरावला, असें मनुष्य सहज म्हणून जातो. पण दर फेरीस शिल्लक चुकीचा शंभरावा हिस्सा जर भागत असेल, तर शेवटच्या फेरींत आकडा एकानें बदलला याचा अर्थ अजून नव्याण्णव बाकी आहेत, असा होतो. गोगलगाय घड्याळाच्या एका ठोक्यांत हललेली दिसत नाहीं, म्हणून ती मुक्कामाला पोंचली असें कोणी म्हणत नाहीं.

मग करावें काय? उपाय साधा आहे आणि तो दुकानदारास ठाऊकच आहे. घराघरांचीं खातीं तपासून झाल्यावर सबंध पेढीचा ताळेबंद मांडावा. वरील फसव्या उत्तरांत उजव्या टोकानें नळींत शिरणारें पाणी मोजलें तर तें १.३१ माप भरतें; डाव्या टोकानें बाहेर पडणारें ०.६९ माप. दोन्हीकडे १ यावयास हवें. नळींत जितकें पाणी बाहेर पडतें त्याच्या जवळजवळ दुप्पट आंत शिरत आहे, आणि नळी तर कोठेंच फुगत नाहीं! नव्याण्णव सांध्यांवर शंभरांश-शंभरांश सांडलेलें पाणी एकत्र केलें म्हणजे एवढी मोठी तूट होते. एकेका खात्यांत नगण्य वाटलेली रक्कम पेढीच्या ताळेबंदांत दडून राहत नाहीं. म्हणून जाणते लोक बाकीच्या रेषेबरोबरच आंत आलेलें व बाहेर गेलेलें यांचा एकूण हिशेब आणि ज्या राशीसाठीं सारा खटाटोप केला ती राशि, मग ती पंखावरील उचल असो कीं नळींतील दाबाची घट असो, फेरीगणिक मांडून ठेवतात. या तिन्ही गोष्टी एकमतानें स्थिर झाल्या, तरच पुढें जाण्यांत अर्थ.

त्या चिवट चुकीवर गणितज्ञांनीं एक सुरेख इलाजहि काढला. बारीक जाळ्यावर जी चूक लांबरुंद आणि मंद दिसते, तीच चार भागांच्या मोठ्या जाळ्यावर फेरीस निम्मी होते, हें वर दिसलेंच. तेव्हां बारीक जाळ्यावर थोड्या फेऱ्या घ्याव्या, उरलेली चूक मोठ्या जाळ्यावर नेऊन तेथें झटपट भागवावी, आणि पुन्हां बारीक जाळ्यावर यावें. सोव्हिएट रशियांत फेडोरेंको यांनीं ही कल्पना १९६० नंतरच्या चार-पांच वर्षांत मांडली, आणि इस्राएलचे ब्रँट यांच्या १९७७ च्या निबंधानंतर ती सर्वत्र रूढ झाली.

रेषा किती पायऱ्या उतरली यालाच मान देण्यांत आणखी एक अन्याय आहे. उतार मोजावयाचा तो आरंभापासून. आणि आरंभींचा अंदाज जितका वाईट, तितकी पहिली बाकी मोठी आणि उतार डोळ्यांत भरणारा. कालच्या गणिताचें तयार उत्तर आजच्या गणिताचा आरंभ म्हणून घेणाऱ्या शहाण्या माणसाची रेषा फारशी उतरत नाहीं, कारण तिला उतरावयास जागाच नसते.

या शास्त्रांतील एक प्रमुख नांव मराठी आहे. सुहास पाटणकर यांचा जन्म पुण्यास १९४१ मध्यें झाला. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून १९६२ मध्यें पदवी घेऊन, मुंबईच्या आय. आय. टी. मधील शिक्षणानंतर ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत गेले. तेथील ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासह त्यांनीं १९७२ मध्यें जी रीत प्रसिद्ध केली ती 'सिंपल' या आद्याक्षरांच्या नांवानें जगभर चालते. पाण्याच्या गणितांतील मोठी अडचण अशी कीं, वेग ठरविण्यास दाब हवा, आणि दाबासाठीं स्वतंत्र समीकरण नसतें. तो असा असला पाहिजे कीं त्यानें घडविलेल्या वेगांनीं प्रत्येक घरांतील पाण्याची आवक-जावक जुळावी, एवढेंच म्हणतां येतें. सिंपल रीतींत आधीं अंदाजी दाबावरून वेग काढतात, मग आवक-जावकीची बाकी पाहून दाबाला दुरुस्ती देतात, आणि त्या दुरुस्तीनें वेग सुधारतात. दुरुस्ती काढतांना शेजारच्या घरांचा कांहीं परिणाम मुद्दाम सोडून दिलेला असल्यामुळें ती प्रमाणाबाहेर मोठी येते. तशीच लावली तर आकडे भडकतात. म्हणून तिचा एक हिस्साच घेतात. वेगासाठीं दहांत सात आणि दाबासाठीं दहांत तीन, असें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं आरंभीं ठेवतात. हा लगाम आवश्यक आहे. परंतु घाबरून कोणी तो फारच आंवळला, दहांत सातांऐवजीं शंभरांत एक घेतला, तर आकडे जवळजवळ हलेनासे होतात आणि तें स्तब्धपण अभिसरणासारखें दिसूं लागतें. लगाम सैल करून पाहिल्यावर आकडे पुन्हां चालूं लागले, तर तो मुक्काम नव्हता हें उघड होतें.

आतांपर्यंत खालीं येऊन फसविणाऱ्या रेषेचा विचार झाला. खालीं न येणारी रेषा कधीं कधीं खरें सांगत असते, ही गोष्ट त्याहून मनोरंजक आहे. एक मिलिमीटर जाडीची गोल तार सुमारें वीस अंश उष्णतेच्या पाण्यांत आडवी धरली आणि पाणी सेकंदास चार सेंटिमीटर वेगानें तिच्यावरून गेलें, तर तारेमागें दोन लहान भोंवरे जुळ्या भावंडांसारखे स्वस्थ पडून राहतात. कावागुटी यांनीं दीड वर्ष खपून सोडविलेला प्रवाह याच जातीचा. वेग सेकंदास पांच सेंटिमीटर केला कीं चित्र पालटतें. भोंवरे आळीपाळीनें वरून व खालून सुटून प्रवाहाबरोबर वाहून जाऊं लागतात, आणि त्यांची दुहेरी रांग तारेमागें लांबवर पसरते. या रांगेचें गणित थिओडोर फॉन कार्मान यांनीं १९११-१२ मध्यें केलें. वाऱ्यांत तारा गुणगुणतात तो याच भोंवऱ्यांचा नाद. त्याचें मोजमाप चेक शास्त्रज्ञ स्ट्रॉउहाल यांनीं १८७८ मध्येंच केलें होतें.

अशा प्रवाहाचें गणित कोणी 'प्रवाह स्थिर आहे' असें गृहीत धरून संगणकास घातलें, तर बाकी कांहीं पायऱ्या उतरते आणि मग वर-खालीं झुलत राहते. नवखा मनुष्य लगाम आंवळतो, जाळें बदलतो, संगणकाला दोष देतो. वस्तुतः स्थिर प्रवाह तेथें टिकणाराच नसतो. गणित काळाच्या ओघासह करावयास हवें असतें. याची उलट बाजूहि आहे. वरचा आणि खालचा भाग सारखाच आहे, तेव्हां अर्ध्याचेंच गणित करावें, असें ठरवून मधोमध एक रेघ ओढली, तर भोंवऱ्यांस आळीपाळीनें सुटण्याची वाटच बंद होते. बाकी खुशाल शून्याकडे नेतां येते, आणि निसर्गांत टिकूं न शकणारा एक स्थिर प्रवाह कागदावर मिळतो. फोर्नबर्ग यांनीं १९८० मध्यें अशा स्थिर प्रवाहांचें गणित वरच्या उदाहरणाच्या सातपटींहून अधिक वेगापर्यंत जाणूनबुजून नेलें होतें. तें शुद्ध गणिती जिज्ञासेचें काम म्हणून मोलाचें आहे. पण पुलाच्या खांबाचें गणित करणाऱ्यानें अजाणतां तसेंच केलें, तर त्याच्या अगदीं जुळलेल्या हिशेबांत खांबाला हलविणाऱ्या जोराचा मागमूसहि नसेल.

रेषा उतरतां उतरतां शेवटीं सपाट होते, तेव्हां मात्र पुष्कळदां संगणकाचे अंक संपलेले असतात. तो प्रत्येक संख्या सात किंवा सोळा अंकांच्या आसपास जपून ठेवतो. त्यापलीकडे बाकी उतरूं शकत नाहीं, आणि उतरविण्याचें प्रयोजनहि नसतें.

समजा, हे सर्व अडथळे ओलांडून बाकी खरोखरच शून्य झाली. तरीहि जें उत्तर मिळालें तें जाळ्याच्या गणिताचें. निसर्गाच्या समीकरणाचें नव्हे. वर्तुळाच्या आंत चौरस काढून त्याच्या परिमितीला व्यासानें भागलें तर २.८२८४ येतात, आणि षट्कोन काढला तर ३. दोन्ही भागाकार बिनचूक आहेत, बाकी शून्य आहे, आणि खरा आकडा ३.१४१६ आहे. चूक भागाकारांत नसून वर्तुळाऐवजीं बहुकोन घेण्यांत आहे. या जातीच्या चुकीवर रिचर्डसन यांनींच एक युक्ति वापरली. भुजांची संख्या वाढते तशी चूक त्या संख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटते, हें एकदां ध्यानांत घेतलें कीं दोन चुकीच्या उत्तरांवरून तिसरें पुष्कळ चांगलें उत्तर काढतां येतें. ३ ला ३६ नीं गुणावें, २.८२८४ ला १६ नीं गुणून त्यांतून वजा करावें, आणि २० नीं भागावें: ३.१३७३ येतात. षट्कोनाची चूक एकदम तीसपटींहून अधिक घटली. प्रवाहाच्या गणितांतहि तसेंच दोन, आणि शक्य तर तीन, उत्तरोत्तर बारीक जाळ्यांवर काम करून उत्तर कोणीकडे सरकत आहे तें पाहावें लागतें. एकाच जाळ्यावर केलेलें गणित, त्याची बाकी कितीहि लहान असो, अर्धवट समजावें. यांत खर्च वाढतो हें खरें; मुदत जवळ आली म्हणजे पहिली काट बसते ती यालाच.

यानंतरहि आरंभीं भरलेल्या आकड्यांचा प्रश्न उरतोच. त्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुन्हां रिचर्डसन यांचेंच आहे. पहिल्या महायुद्धांत ते फ्रान्समध्यें जखमींस नेणाऱ्या रुग्णवाहिका-पथकांत होते, आणि फावल्या वेळांत हवामानाचें भाकीत निव्वळ आकडेमोडीनें करून पाहत होते. १९१७ च्या वसंतांतील धुमश्चक्रींत त्यांचें हस्तलिखित हरवलें. तें कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. तें पुस्तक १९२२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत २० मे १९१० या दिवशींच्या निरीक्षणांवरून जर्मनींतील एका ठिकाणीं सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल, याचें गणित आहे. उत्तर आलें १४५ मिलिबार वाढ. प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जवळजवळ जागचा हललाच नव्हता. मोठमोठ्या वादळांतहि सहा तासांत एवढा फरक पडल्याचें कोणी ऐकलें नाहीं. रिचर्डसन यांनीं तो आंकडा लपविला नाहीं. जसाच्या तसा छापला.

कित्येक दशकांनंतर आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनीं तेंच गणित, त्याच आकड्यांनीं, संगणकावर पुन्हां केलें. उत्तर पुन्हां १४५ च्या आसपासच आलें. म्हणजे हातानें केलेली आकडेमोड मुख्यत्वें बरोबर होती. दोष आरंभींच्या नोंदींत होता. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे एकमेकांशीं किंचित् विसंगत होते, आणि त्या विसंगतीनें कागदावर खोट्या लाटा उठविल्या होत्या. लिंच यांनीं त्या लाटा गाळून टाकून गणित पुढें चालविलें, तेव्हां सहा तासांतील दाबाचा फरक अगदीं थोड्या मिलिबारांवर आला.